मालवाहू यान अंतराळ स्थानकाला आपोआप जोडलं जातं, तर अंतराळवीर जॉयस्टिकपाशी कशाला बसतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "शेवटी गोंधळ माणसाच्या हातूनच होतो, मीरचंच बघा." त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय, कारण ते साफ चूक आहे.

25 जून 1997. प्रोग्रेस एम-34 हे मालवाहू यान रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर आदळलं, स्थानकाच्या स्पेक्टर मॉड्यूलला (एका कप्प्याला) भोक पडलं, हवा बाहेर जायला लागली. आत जाणाऱ्या केबल घाईघाईने तोडून, सोडवून त्या मॉड्यूलचं दार बंद करावं लागलं. खापर फुटलं स्थानकाचा कमांडर वासिली त्सिब्लियेव्हच्या माथी, कारण यान दुरून चालवायची जॉयस्टिक त्याच्या हातात होती. पण त्याला दिसत काय होतं? यानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र, बस्स. एरवी अंतर आणि वेग सांगणारी कुर्स ही रडार यंत्रणा मुद्दाम बंद ठेवली होती. सोव्हिएत संघ फुटल्यावर कुर्स युक्रेनकडून पैसे मोजून घ्यावी लागे, म्हणून तिच्यावाचून भागतं का हे बघायचं होतं. शिवाय आधीच्या खेपेला तिच्यामुळेच चित्र बिघडलं असा संशय होता. त्याचे स्थानकावरचे साथीदार लाझुत्किन आणि फोल हातात लेझर अंतरमापक घेऊन खिडकीतून यान शोधत होते. ते दिसलं तेव्हा फार उशीर झाला होता.

नुसत्या चित्रावरून अंतर ओळखणं किती फसवं असतं, हे मी स्वतः भोगलंय. विद्यार्थी असताना आमच्या प्रयोगशाळेत गुळगुळीत ग्रॅनाइटचं मोठं टेबल होतं. त्यावर दोन गाड्या दाबाखालच्या हवेच्या पातळ थरावर तरंगायच्या, म्हणजे घर्षण जवळपास नाहीच. एकीवर कॅमेरा, दुसरीवर लक्ष्यचिन्ह: मागे काळी तबकडी, तिच्या पुढे दांडीवर उभा पांढरा क्रॉस. क्रॉस तबकडीच्या मधोमध दिसला की आपण सरळ रेषेत आहोत. दिशा अशी झकास कळते. अंतर मात्र कळत नाही. अंतर निम्मं झालं की चित्र दुप्पट होतं. त्यामुळे लांबून येताना कितीतरी वेळ काहीच बदलत नाहीसं वाटतं, आणि जवळ आल्यावर सगळं एकदम अंगावर येतं. तोवर ब्रेक मारायला जागा उरलेली नसते.

पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. आमच्या मार्गदर्शकांना "फक्त कॅमेऱ्यावर" जोडणी दाखवायची होती. अंतराचा आकडा तरी पडद्यावर राहू द्या, असं मी दोनदा सांगितलं. "हात बसलेला असला की आकडा लागत नाही," हे त्यांचं उत्तर. गाडी आदळली, जोडणीची दांडी वाकली आणि अहवालात ओळ आली, "चालकाची दिरंगाई". मी ती तेव्हाही मान्य केली नाही, आजही करत नाही. ज्याला अंतर सांगितलंच नाही, त्याने उशीर केला असं म्हणणार कसं?

आता तुमचा प्रश्न. बहुतेक वेळा जॉयस्टिकला हात लावावा लागत नाही. सोव्हिएत संघाने कॉसमॉस 186 आणि 188 ही यानं 1967 सालीच माणसाशिवाय जोडली होती, आणि 1978 पासून प्रोग्रेस आपोआपच येतात. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असतं, पण दोघांमधला सापेक्ष वेग टेकताना सेकंदाला जेमतेम दहा-वीस सेंटिमीटर असतो. मीरवरची ती धडक सेकंदाला सुमारे तीन मीटरची होती. तरीही माणूस बसतो, कारण डिसेंबर 2023 मध्ये प्रोग्रेस एमएस-25 ची स्वयंचलित यंत्रणा ऐनवेळी अडली आणि स्थानकावरच्या ओलेग कोनोनेंको या रशियन अंतराळवीराने ते यान हाताने आणून जोडलं. तिथे कुणी "माणसाचा गोंधळ" म्हटलं नाही!

हे सगळीकडे असंच असतं असं मात्र नाही. युरोपच्या एटीव्ही या मालवाहू यानाला स्थानकाच्या आतून चालवायचं सुकाणू नव्हतंच. अंतराळवीर फक्त थांब, मागे जा, दूर पळ असे हुकूम देऊ शकत. जपानचं एचटीव्ही हे मालवाहू यान तर स्थानकाजवळ येऊन थांबायचं आणि यांत्रिक हात त्याला पकडायचा. तिथे जॉयस्टिक होती, पण त्या हाताची.

तुम्ही स्वतः असलं काही बनवत असाल तर माणूस ठेवायचा की नाही यावर नंतर वाद घाला. आधी अंतर मोजणारं दुसरं, कॅमेऱ्यापासून पूर्ण वेगळं साधन बसवा, आणि पाहुणे येवोत नाहीतर मंत्री, ते बंद करू देऊ नका. कुणी बंद करायला लावलंच, तर कुणी सांगितलं ते त्याच दिवशी नोंदवहीत नावानिशी लिहून सही घ्या.