कोरमअभावी रखडणारी वार्षिक सभा

प्रश्न : आमच्या सोसायटीत ६४ सदनिका आहेत. वार्षिक सभेला जेमतेम दहा-बारा सभासद येतात. काय करावे?

उत्तर : आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीचे सरकारी नमुना नियम) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी तो कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती. तेव्हा तुम्हाला २० पुरे. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. घोळ इथेच होतो. ‘कोरमअभावी त्याच जागी अर्ध्या तासाने’ हे वाक्य दरवर्षी सूचनेत वाचून लोक वेळेवर यायचेच सोडतात.

सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागवू नका. घरोघरी द्या, सही घ्या आणि त्याच्याही आठवडाभर आधी विचारून ठेवा, ‘तुमचा कोणता विषय घ्यायचा?’ गळती असो की पार्किंग, ज्याचा विषय पत्रिकेवर असतो तो बहुधा येतोच. हिशेबासोबत टँकरवर गेल्या वर्षी किती गेले, यंदा किती, हे एका ओळीत वेगळे लिहा. ताळेबंद फारसे कुणी वाचत नाही.

‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून मोठा खर्च कधीही मंजूर करून घेऊ नका. गैरहजर सभासदांचा विश्वास त्यानेच उडतो. सभेची मुदत ३० सप्टेंबर; गणपतीचे दिवस टाळून ऑगस्टमधला रविवार धरा.