'चेक'ला शह

प्रश्न असा आहे: "चेक करणे, बँकेचा चेक आणि चेक्सचा शर्ट, यांतला 'चेक' एकच का? आणि 'चेक करणे'ला मराठीत काय म्हणावं?"

एकच. (चेक प्रजासत्ताकातला चेक तेवढा परका, त्याला यात ओढू नका.) 'तपासणे'सारखे अर्थ कुठल्याही कोशात सापडतील, त्यात वेळ घालवत नाही. फक्त "जरा चेक करून तपासून बघा" म्हणणाऱ्यांना कोणीतरी आवरा.

शब्द आला आहे बुद्धिबळाच्या पटावरून. फारसीत 'शाह' म्हणजे राजा. राजावर मोहरा चालून गेला की "शाह!" म्हणून बजावायचं. हा शब्द अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशी वळणं घेत इंग्रजीत पोचला तेव्हा त्याचा 'चेक' झाला होता. आपण तोच फारसीतून घेतला आणि 'शह' म्हणू लागलो. म्हणजे चेक आणि शह ही सख्खी भावंडं! शह बसला की राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणे, आवर घालणे. अडवून खात्री करून घ्यायची, म्हणून तपासणे. त्याहून मजा पुढेच आहे. 'शाह'च्या मुळाशी राज्य करणे या अर्थाचा जो जुना इराणी धातू आहे, त्याच घराण्यातले आपले 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय'. चौकड्यांचा शर्ट घालणाऱ्याने थोडी छाती फुगवायला हरकत नाही.

त्या चौकड्याही पटावरच्याच. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचे अधिकारी साधारण १० फूट लांब, ५ फूट रुंद टेबलावर आखीव कापड अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवत शेरीफांचे, म्हणजे परगण्यांतल्या राजाच्या कारभाऱ्यांचे, हिशेब घेत. बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून त्या खात्याचं नाव पडलं 'एक्स्चेकर'. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आजही आहे. बँकेचा चेक मात्र अडवण्याच्या अर्थातून आला. १८व्या शतकात बनावटगिरीला आळा घालणाऱ्या स्थळप्रतीला, म्हणजे कागद फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्याला, चेक म्हणत. पुढे खुद्द कागदालाच ते नाव चिकटलं आणि ब्रिटिशांनी 'एक्स्चेकर'च्या प्रभावाने त्याच्या वर्तनीला क्यूची शेपटी लावली.

आता 'चेकमेट'. मूळ 'शाह मात', आणि त्याचा अर्थ म्हणे "राजा मेला". अरबीत 'मात' म्हणजे मेला, एवढ्या आधारावर भलेभले विद्वान हे सांगत आले आहेत. अहो, बुद्धिबळात राजा मरतो कधी? प्यादी मरतात, उंट मरतो, वजीरसुद्धा मरतो. राजा फक्त कोंडला जातो आणि डाव तिथेच संपतो. फारसीत 'मात' म्हणजे हतबल, थक्क, निरुपाय झालेला. तोच अर्थ इथे चपखल बसतो. फारसी जाणणाऱ्या काही अभ्यासकांनीही हेच म्हटलं आहे, पण माझा आवडता साक्षीदार मराठी आहे. आपण 'संकटावर मात' करतो तेव्हा संकटाचा जीव घेत नाही, त्याचं काही चालू देत नाही. हा 'मात' त्याच पटावरचा. मेलेल्या राजाची गोष्ट सांगणाऱ्यांनी एकदा मराठी कोश उघडावा.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. तपासा, पडताळा, खातरजमा करा. बहुतेक वेळा नुसतं 'बघा' पुरतं.