जुन्या झेनमध्ये मोल्डेड कार्पेट घरी बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की १९९९ ची मारुती झेन आहे, मूळ कार्पेट कुजून वास मारतंय, नवं मोल्डेड (गाडीच्या जमिनीच्या आकारात साच्यात घडवलेलं) कार्पेट मिळालंय, तर ते घरी बसवावं की सीट कव्हरवाल्याकडे द्यावं.

घरीच बसवा. वडिलांच्या १९९७ च्या झेनचं मी रत्नागिरीत आमच्या अंगणात बसवलंय. नुसतं कार्पेट बसवायला शनिवार-रविवार पुरतो. मला मात्र दोन आठवडे लागले, ते खालच्या पत्र्यामुळे. तुमचंही कार्पेट कुजलंय म्हणताय, म्हणून आधी पत्र्याचं सांगतो.

आमच्या गाडीत कार्पेटवर रेक्झिनचं लॅमिनेशन होतं. पुसायला सोपं जातं म्हणून गाडी घेतली तेव्हाच एका दुकानातून करून घेतलेलं. वरून सगळं कोरडं, स्वच्छ. रेक्झिन फाडून काढलं आणि खालचा नमदा, म्हणजे कार्पेटखालचा जाड मऊ थर, हातात घेऊन पिळला, तर बोटांतून काळं पाणी गळायला लागलं. महिना एप्रिलचा. डाव्या पुढच्या सीटसमोरचा पत्रा पॉलिश पेपरने घासत गेलो तशी त्याला टाचणीएवढी भोकं पडत गेली आणि त्यातून खाली अंगणातली तांबडी माती दिसायला लागली. वडील शेजारीच उभे होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

एप्रिलमध्ये पाऊस नसतो, म्हणजे पाणी एसीचं. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी मातीने तुंबली की ते डावीकडे पाय ठेवायच्या जागेत उतरतं. आमच्याकडे तेच झालं होतं. तुमच्याकडे पावसाळ्यातच ओल येत असेल, तर पुढच्या काचेचं रबर, काचेखालच्या जाळीत साठलेला पाला आणि दाराच्या पॅनेलमागचा फाटलेला प्लॅस्टिकचा कागद बघा. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि तुम्ही बाहेरून एकेका जागी तांब्याने पाणी ओता. पाणी कुठून येतंय ते सापडत नाही तोवर नव्या कार्पेटची घडीसुद्धा मोडू नका. ओल चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल, तर ते हीटरमधलं कूलंट. ते आधी गॅरेजमध्ये दाखवा.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात दिले की भागतं. भोक असेल तर एम-सील लावून झाकू नका, पत्र्याचा तुकडा वेल्डिंग करून घ्या, आणि तेही गॅरेजमध्येच. पेट्रोलची नळी गाडीच्या पोटाखालून जाते, घरी वेल्डिंगचा प्रयोग अजिबात नको. पत्र्यातली गोल रबरी बुचं कडक झाली असतील तर तीही बदला.

आता काढायचं काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मग सीट, सीट बेल्टचे खालचे बोल्ट, दाराखालच्या पट्ट्या आणि गिअरभोवतीचं प्लॅस्टिक. बेल्टचे बोल्ट फार घट्ट असतात. लांब दांड्याचा गोटी पाना लावा, नाहीतर डोकं गोल होईल. वायरी आणि केबली कुठून जातात त्याचे फोटो काढून ठेवा. जुनं कार्पेट कितीही घाण वाटलं तरी शेवटपर्यंत टाकू नका, भोकं कुठे पाडायची ते त्यावरूनच कळतं.

नवं कार्पेट घडी घालून आलेलं असतं. दुपारच्या उन्हात दोन-तीन तास पसरून ठेवा. मऊ झालं की बराचसा आकार आपोआप येतो. उरलेल्या घडीवर मागच्या बाजूने ओलं फडकं ठेवून हलकी इस्त्री फिरवा. हीट गन असेल तर ती लांबून धरा, धागा प्लॅस्टिकचा असतो, बघता बघता वितळतो.

सुरुवात नेहमी दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यापासून करा. तो नीट बसला की पुढे पेडलांकडे आणि मग दोन्ही दारांकडे दाबत जा. कडेला दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचं राहू द्या आणि सगळं बसल्यावरच कापा. मी घाईत उजवी कड आधी कापली आणि ती पट्टीखाली जेमतेम पोचली.

बोल्टच्या भोकांसाठी गोणी शिवायचा दाभण घ्या. वरून बोटाने चाचपून टोचत जायचं, भोक आलं की दाभण आपसूक आत जातो. तो तसाच उभा ठेवून भोवती ब्लेडने छोटी फुली कापा. ड्रिल कधीच लावू नका. धागा ड्रिलला गुंडाळला जातो आणि कार्पेटची अख्खी ओळ उसवत येते. गरम सोल्डरिंग आयर्नने भोक पाडलं तर कडा जळून बंद होतात, धागे सुटत नाहीत.

फेविकॉल एसआर (रबरी गोंद) फक्त पुढच्या उभ्या भागाला आणि उंचवट्याच्या बाजूंना लावा, तेही चारही दारं उघडी ठेवून. सपाट जमिनीला लावू नका, कार्पेट पुन्हा उचलता आलं पाहिजे. खाली नमदा मूळ जाडीचाच घाला. जाड घातला तर पेडलांखाली कार्पेट वर येतं. ॲक्सिलरेटर हाताने पूर्ण दाबून दहा वेळा सोडून बघा, एकदाही अडकता कामा नये. बेल्टचा बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मग पाना लावा. बोल्टखाली कार्पेट चेपलेलं राहू देऊ नका, धातूला धातू भिडला पाहिजे.

नवं कार्पेट मिळत नसलेल्या कुणी हे वाचत असेल, तर झेन २००६ पर्यंत निघत होती. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथे विचारून बघा. फक्त दारांची संख्या आणि मॉडेल जुळवून घ्या.

लॅमिनेशन पुन्हा करू नका. सुट्या रबरी मॅट घाला. पहिल्या पावसात चारही मॅटखाली वर्तमानपत्राचा एकेक कागद ठेवा आणि आठवड्याने उचलून बघा. एखादा ओला निघाला तर कुठल्या कोपऱ्यातला ते इथे कळवा, पाणी कुठून येत असेल ते आपण मिळून शोधू.