कॅनडातले सीओपीडी असलेले मूळनिवासी लोक फॅमिली डॉक्टरकडे न जाता सारखे इमर्जन्सीत का येतात?

तुम्ही नर्सिंगच्या असाइनमेंटसाठी विचारलंय की फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट (कॅनडातले तीन मूळनिवासी समाज) लोक सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारासाठी, इतरांपेक्षा जास्त वेळा इमर्जन्सीत दिसतात, तर ते वेळेवर डॉक्टरकडे का जात नाहीत. मी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनला रेस्पिरेटरी थेरपिस्ट (श्वसनाचे उपचार करणारी) आहे, हे पेशंट मला नेहमी भेटतात, म्हणून आधीच एक विनंती करते, "जात नाहीत" असं लिहू नका प्लीज. जायला जवळ काय आहे ते आधी बघा.

उत्तर अल्बर्टातलं फोर्ट चिपेवायन हे गाव घ्या. तिथे बारमाही रस्ताच नाही, उन्हाळ्यात विमान नाहीतर बोट आणि कडक हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. अशा लांबच्या बऱ्याच गावांत नर्सच सगळं सांभाळतात आणि डॉक्टर अधूनमधून येतात, स्पायरोमेट्रीसाठी म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसाची टेस्ट करायला बहुतेक वेळा शहर गाठावं लागतं, त्यामुळे कित्येकांना आपल्याला सीओपीडी आहे हे कळतं तेच धाप लागून आमच्याकडे आणल्यावर. त्यात घरं लहान, माणसं जास्त, भिंतींना बुरशी, लाकडाची शेगडी. आणि वणव्यांचा धूर. 2023 च्या मे महिन्यात तर वणव्यामुळे हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं होतं.

वयस्कर लोक शेवटपर्यंत अंगावर काढतात, त्याचं कारण मात्र जुनं आहे. एडमंटनमध्येच 1946 पासून चार्ल्स कॅमसेल हे "इंडियन हॉस्पिटल" होतं. टीबी झालेल्या मूळनिवासी लोकांना, लहान मुलांनासुद्धा, दूरदूरहून आणून महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं तिथे ठेवलं, काही जण घरी परतलेच नाहीत. रेसिडेन्शियल शाळांमध्ये, म्हणजे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवायचे त्या निवासी शाळांमध्ये, टीबीने मुलं मरतायत हे सरकारी डॉक्टर पीटर ब्राइस यांनी 1907 मध्येच सरकारला लिहून दिलं होतं. टीबी होऊन गेलेल्या फुफ्फुसाला पुढे सीओपीडीचा धोका जास्त, म्हणजे आजार आणि हॉस्पिटलची भीती दोन्ही एकाच ठिकाणाहून आलेत.

बरं, इमर्जन्सीत पोचल्यावर तरी काय? 2008 मध्ये विनिपेगला ब्रायन सिंक्लेअर नावाचा मूळनिवासी माणूस वेटिंग रूममध्ये व्हीलचेअरवर 34 तास तपासणीविना बसून राहिला आणि तिथेच वारला. त्याला बरं होणारं इन्फेक्शन होतं आणि स्टाफपैकी काहींना वाटलं की प्यायलेला असेल, झोपलाय. हे सीओपीडीत जास्त घातक आहे हो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की पेशंट पेंगतो, गोंधळतो, अडखळत बोलतो. त्याला तेव्हा बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लागतं आणि कुणीतरी "दारू उतरू दे" म्हणून कोपऱ्यात बसवलं तर जीव जातो. अल्बर्टातल्या 1 कोटीहून जास्त इमर्जन्सी व्हिजिट्सचा अभ्यास 2022 मध्ये छापून आला, त्यातही फर्स्ट नेशन्स पेशंटला ट्रायेजमध्ये (कोणाला आधी बघायचं हे ठरवताना) तातडीचा नंबर मिळण्याची शक्यता कमी निघाली. असं वागवलं की माणूस तपासणी न होताच उठून जातो, आणि दोन दिवसांनी जास्त बिघडून परत येतो. रेकॉर्डला मात्र दोन व्हिजिट!

सगळ्यांना एकत्र धरू नका. फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट लोकांना औषधं आणि प्रवासासाठी केंद्राची एनआयएचबी योजना आहे, मेटी लोक त्यात बसत नाहीत, त्यांचा वेगळा परिच्छेद लिहा. तंबाखूबद्दलही जपून लिहा. बऱ्याच समाजांत ती पवित्र मानतात, विधींमध्ये वापरतात, त्यामुळे आम्ही सिगारेट सोडायला सांगतो, तंबाखूला वाईट म्हणत नाही.

आणि तुमच्या केस स्टडीत पेशंट मागच्या वेळी घरी गेला तेव्हाचं नक्की शोधा: इनहेलर हातात मिळाला होता का, तो कसा ओढायचा हे कुणी करून दाखवलं का, गावातल्या नर्सला डिस्चार्जचा कागद पोचला का. मी परत आलेल्या पेशंटला पहिलं हेच विचारते, आणि बऱ्याचदा तिथेच उत्तर सापडतं.