मैत्रिणीचा कुत्रा नुकताच गेला. आठवण म्हणून तिला काय द्यावं?

त्याचा गळ्यातला पट्टा आणि एक फोटो एकत्र मावेल अशी खोलगट फ्रेम द्या, आणि सोबत हाताने लिहिलेल्या चार ओळी. मी फोटो छापून फ्रेम करण्याचं काम करते. अशी फ्रेम न्यायला आलेली माणसं फोटोआधी पट्ट्याकडे बघतात, बकलात अडकलेल्या दोन-चार केसांवरून बोट फिरवतात. म्हणून पट्टा धुऊ नका, पुसूही नका. फोटो सजूनधजून काढलेला नको. दाराशी वाट बघत बसलेला, एक कान दुमडलेला, असा रोजचा निवडा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो बहुतेक वेळा आक्रसलेला असतो, तेव्हा मूळ फाइल मागा: ८ × १० इंचांच्या स्वच्छ प्रिंटला साधारण २४०० × ३००० पिक्सेल लागतात. चिठ्ठीत त्याचं नाव जरूर लिहा, आणि तुम्हाला आठवणारी त्याची एखादी खोड. ‘दुसरा आण’ हे मात्र चुकूनही नको. त्याच्या नाकाचा ठसा कुणी घेऊन ठेवला असेल तर फारच छान, कारण प्रत्येक कुत्र्याचा तो वेगळा असतो, आपल्या बोटांच्या ठशांसारखा.

फक्त पट्टा तिला विचारल्याशिवाय हलवू नका. काहींना तो कित्येक महिने होता त्याच खुंटीवर हवा असतो. तसं असेल तर आत्ता नुसती चिठ्ठी द्या, फ्रेम ती म्हणेल तेव्हा. फुलं पाठवणार असाल आणि घरात मांजर असेल, तर लिली टाळा. तिने मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.