सीबीडी म्हणजे गांजाच ना?

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांत गेली काही वर्षे एकच काळजी दोन तोंडांनी बोलली जाते. आईवडील विचारतात, "मॅडम, सीबीडी म्हणजे शेवटी गांजाच ना?" आणि मुले म्हणतात, "सीबीडीने नशा चढत नाही, मग घेतले तर काय बिघडले?" दोन्ही बाजू अर्धे खरे बोलतात आणि त्या अर्ध्या खऱ्यावरून घराघरांत अबोला धरला जातो, म्हणून सुमेधची हकिकत सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. त्याचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हिंजवडीत नोकरी करणारा हा २६ वर्षांचा मुलगा आईसोबत आला, कारण आईला त्याच्या कपाटात 'सीबीडी तेल' असे लिहिलेली ड्रॉपरची बाटली सापडली होती. त्याआधीची गोष्ट त्याने एकट्याने बोलताना सांगितली. मित्राच्या घरी त्याने गांजा घातलेली ब्राउनी खाल्ली, तासभर काहीच जाणवले नाही म्हणून आणखी एक खाल्ली, आणि मग छातीत असे धडधडू लागले की आपण मरणार याची त्याला खात्रीच पटली. तेव्हापासून टीमसमोर बोलायची वेळ आली की तीच धडधड सुरू होई. मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी सुरू केली होती; तेल मात्र त्याने डॉक्टरांना न सांगता, स्वतःच्या मनाने आणले होते.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मी प्रथम दिले. टीएचसी आणि सीबीडी ही दोन्ही द्रव्ये गांजाच्याच वनस्पतीत असतात, त्यांचे रासायनिक सूत्रही एकच आहे, फक्त अणूंची मांडणी किंचित वेगळी आहे. पण तेवढ्या फरकाने मेंदूतील परिणाम पार बदलतो. स्मृती, भीती, वेळेचे भान आणि हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागांत सीबी-१ नावाची ग्राहके, म्हणजे पेशींवरील संदेश झेलणाऱ्या जागा, दाटीने असतात. टीएचसी थेट त्यांवर बसते, म्हणून नशा चढते, नाडी वाढते, नुकतेच ऐकलेले विसरते, आणि मात्रा जास्त झाली की घबराट किंवा संशय उसळतो. सीबीडी त्या जागी जेमतेम बसते आणि सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एका ग्राहकासह इतर मार्गांनी काम करते. त्याने नशा होत नाही आणि व्यसन लागण्याची चिन्हे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीलाही आढळली नाहीत. लहान मुलांच्या दोन गंभीर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झाले आहे.

एवढे ऐकून सुमेधचा चेहरा खुलला, म्हणून पुढचे मी त्याच्याकडे पाहून सांगितले. याच औषधाने काहींना गुंगी येते, जुलाब होतात, यकृतातील एन्झाइमे वाढतात. सीबीडी यकृतातील ज्या यंत्रणेला अडवते, तिच्याच आधारे एस्सिटालोप्रामचा निचरा होतो. तेव्हा त्या गोळीची रक्तातील पातळी वाढू शकते. मग मी त्याला बाटली उलटी करायला लावली. पुढे ठळक अक्षरांत सीबीडी होते. मागे बारीक अक्षरांत 'विजया पत्र अर्क', म्हणजे भांगेच्या पानांचा अर्क, आणि त्याखाली टीएचसीचे प्रमाण. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, त्यामुळे पानांपासून केलेली अशी औषधे आयुर्वेदिक परवान्याखाली विकली जातात, पण पानांतही टीएचसी असतेच. ज्या द्रव्याने त्याला मरणाची भीती दाखवली, तेच तो त्या भीतीवर उपाय म्हणून घेत होता.

खरी कलाटणी मात्र नंतरच्या एका भेटीत मिळाली.

"थेंब घेतल्यावर किती वेळात बरे वाटते?" मी विचारले.

"लगेच, मॅडम. दोन मिनिटांत. मीटिंगच्या दारापर्यंत जाईतो हात थरथरायचे थांबलेले असतात."

"आणि ब्राउनीचा परिणाम?"

"तो तासाभराने…" एवढे बोलून तो थांबला.

तेल जिभेखाली धरले तरी त्यातील बरेचसे गिळलेच जाते आणि पोटातून, यकृतातून रक्तात उतरायला वेळ घेते. शिवाय त्याचे थेंब जेमतेम १० मिलिग्रॅमचे होते, तर ब्राझीलमध्ये सर्वांसमोर बोलण्याच्या धास्तीवर झालेल्या ज्या प्रयोगात फरक दिसला, तिथली मात्रा ३०० मिलिग्रॅमची होती. मग त्या दोन मिनिटांत काय घडत होते? मी त्याला क्रमाने सांगायला लावले. तो पँट्रीच्या कोपऱ्यात जाई, डोळे मिटी, तेल मिनिटभर जिभेखाली धरायचे म्हणून तोंड बंद ठेवी, त्यामुळे श्वास नाकाने आणि सावकाश चाले, आणि मनात म्हणे, "आता काही होणार नाही."

"म्हणजे तेल सोडून बाकी सगळे मीच करत होतो," तो म्हणाला.

घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ त्रास देतो असे मानणाऱ्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी श्रद्धा आहे ती अशा क्षणांमुळे. टीएचसीने नाडी वाढते, तशी चारचौघांत बोलतानाही वाढते. दुसरी वाढ निरुपद्रवी असते, पण सुमेध तिचा अर्थ ब्राउनी खाल्ली त्या वेळच्या भीतीच्या शब्दांत लावत होता. आम्ही पुढे त्या अर्थावरच काम केले. तो जिने धावत चढून यायचा, धडधड मुद्दाम अनुभवायचा आणि तिला "ही धाप आहे" असे नाव द्यायचा. एका समुपदेशकाला याहून अधिक समाधान कशात मिळावे, मला माहीत नाही.

बाटली घेऊन तो स्वतः मनोविकारतज्ज्ञांकडे गेला आणि त्यांच्या सल्ल्याने ते तेल बंद झाले. गोळी त्यांनीच नंतर हळूहळू कमी केली. माझ्याकडे याच प्रश्नासाठी येणाऱ्यांना मी आता प्रथम बाटली आणि चालू औषधांची यादी सोबत आणायला सांगते. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तत्सम आजार असेल, गर्भारपण असेल, अपस्माराच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थेंब घेऊ नये. आणि पालकांनी कपाटात बाटली सापडली तर आधी "हे कशासाठी घेतोस?" एवढेच विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.