शब्दभ्रमाने चोर पिटाळता येईल का?

प्रश्न : मी शब्दभ्रमकार आहे. जत्रांच्या हंगामात रात्री कार्यक्रम असतात, तेव्हा आमचं कौलारू घर बंद असतं. परसदाराची कडी कुणीतरी उचकटू पाहिल्याच्या खुणा दिसल्या. माझी कला इथे कामी येईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : येईल, पण बाहुलीचा आवाज नव्हे. रंगमंचावर बाहुली बोलतेसं वाटतं, कारण प्रेक्षकांचे डोळे तिच्या हलत्या तोंडावर असतात. अंधारात तो आधार नसतो आणि कान दिशा बरोबर हेरतात. चोरासाठी ‘लांबचा’ आवाज काढा : जिभेचं मूळ मागे ओढून, घसा आवळून, शब्द अर्धवट गिळत. आतल्या खोलीत दोघं बोलताहेत हे कळावं, काय बोलताहेत ते कळू नये.

घरात असताना चाहूल लागली, तर आधी खोलीची कडी लावा, हळू आवाजात 112 ला कळवा, मगच हा प्रयोग. बाहेर येऊ नका. चोराची पळायची वाट अडवली की तो अंगावर येतो.

घर बंद असताना ध्वनिमुद्रण लावा. किमान 45 मिनिटांचं हवं. पाच मिनिटांचं पुन्हा पुन्हा वाजलं तर बल्कांवाजवळ (दारापुढच्या ओट्याजवळ) टपलेला माणूस लगेच ओळखतो. बोलणं थोडं, मध्ये तीन ते सात मिनिटांची शांतता, कधी खोकला, कधी भांड्याचा आवाज. स्पीकर मधल्या खोलीत, तोंड भिंतीकडे. रात्री स्वतः अंगणात उभं राहून ऐका; शब्द कळले तर आवाज कमी करा.

बहुतेकांचं फसतं ते टायमरवर, म्हणजे ठरल्या वेळी स्पीकर आणि दिवा चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर. चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. तासभर वीज गेली की तो तासभर मागे पडतो, आणि दहाचा दिवा अकराला लागतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. ब्लूटूथ स्पीकर वीज परतल्यावर बहुधा आपोआप वाजत नाही. खटक्याच्या बटणाचा साधा रेडिओ वाजतो. स्वयंपाकघरातला दिवा दुसऱ्या टायमरवर ठेवा, दोन्ही एकाच मिनिटाला बंद होऊ देऊ नका.

कौलं सरकवून आत उतरणाऱ्यापुढे दाराचं कुलूप निरुपयोगी आहे. निदान कपाटाच्या खोलीवर वाशांना लोखंडी जाळी ठोकून घ्या.

कलाकाराची खरी अडचण वेगळीच : तुम्ही कोणत्या रात्री कुठे असणार, हे देवळाच्या फलकावर आठवडाभर आधी लागतं. ते टाळता येत नाही. म्हणून त्या तारखांची यादी शेजाऱ्यांकडे आणि पोलीस ठाण्यात आधीच द्या, आणि कार्यक्रमाचे फोटो घरी पोचल्यावरच टाका.